साहेबांच्या नावाचं पान

कापूस खरेदी केंद्रावर दोन-चार हंगाम काढले की अंगाला रुई चिकटते आणि डोक्यात किस्से. रुई आंघोळीनं तरी जाते!

कळंबच्या बाजूला आमचं केंद्र होतं. मी ऑपरेटर, सोबत मेश्राम मॅडम. चार कॉम्प्युटर, सगळ्यांत मिळून एक प्रिंटर. कापसाचे भाव कोसळलेले, सरकार काटकसरीवर आलेलं, म्हणून वरून फुकटातली सिस्टीम आलेली. माऊस नाही, काळ्या स्क्रीनवर कमांड टाईप करायची. एलपी म्हणजे छापा, कॅन्सल म्हणजे रद्द. आम्ही छापलेला गेटपास हातात पडल्याशिवाय कोणाची बंडी काट्यावर जायची नाही. आणि बाहेर बैलबंड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत!

*

आमच्या केंद्रप्रमुख साहेबांना कोणीतरी सांगितलं, की कमांडमध्ये क्यू लिहून पुढे आकडा टाकला की आपलं काम रांगेत पुढे जातं. एक ते शंभर, जेवढा मोठा तेवढं आधी.

"माझं सगळं शंभरनं पाठवायचं!" साहेबांचा हुकूम.

कापसाची प्रत ठरवणारे ग्रेडर वानखडे रुसले. "मंग मी का नव्व्याण्णव?" त्यांनाही शंभर दिलं. अकाउंटंटनं तोंड पाडलं, त्यालाही दिलं. आठवडाभरात केंद्रातला प्रत्येक कागद शंभरचा झाला आणि रांग होती तिथेच आली.

साहेब भडकले. "एकशे एक नाही का त्यात?"

*

वानखडेंनी एकदा गुपचूप पुतण्याच्या बारशाचं निमंत्रण छापायला टाकलं. प्रिंटरमध्ये रुई अडकलेली, कागद येईना. वानखडे आपले कमांड देऊन राहिले. पुन्हा, पुन्हा, पुन्हा.

शेवटी साहेबांनी स्वतः झाकण उघडून फुंकर मारली. प्रिंटर खडखडला आणि त्यांच्या हातात बारशाचं निमंत्रण पडलं. मग दुसरं. मग तिसरं. ट्रे भरून कागद खाली सांडायला लागले.

साहेब म्हणाले, "वानखडे, येतो म्हटलं ना! आता थांबवा."

*

"छापायला टाकलेलं काम थांबवून ठेवता येतं का?" साहेबांनी एकदा विचारलं.

"येतं साहेब. होल्ड म्हणतात."

"किती दिवस?"

"तुम्ही सोडा म्हणेपर्यंत."

साहेबांचा चेहरा असा खुलला, की मला त्यांची कीवच आली. "अरे, ही सिस्टीम तर आपल्यासाठीच बनवलीय!"

*

त्या सिस्टीमची एक खोड होती. प्रत्येक कामाआधी एक जादा पान निघायचं, त्यावर पाठवणाऱ्याचं नाव. कागद वाया जातो म्हणून मी ते बंद करायला निघालो, तर साहेब आडवे आले. स्वतःचं नाव छापून आलेलं त्यांना भारी आवडायचं! गेटवरच्या किसनभाऊंना तर त्यांनी बजावूनच ठेवलं होतं, "माझ्या नावाचं पान दिसलं की फाटक उघडायचं. विचारत बसायचं नाही."

*

खरेदीचा शेवटचा दिवस. संध्याकाळी फाटक लागलं की उरलेला कापूस बाहेर व्यापारी म्हणेल त्या भावानं द्यायचा, हे प्रत्येक बंडीवाल्याला ठाऊक. दुपारी साहेब आले आणि हळूच म्हणाले, "शेठच्या ट्रकांचे पास आधी काढा. बंड्यांचे होल्ड करा." शेठ म्हणजे शेतकऱ्यांकडून पडेल भावानं कापूस घेऊन आमच्या केंद्रावर सरकारी भावानं घालणारा व्यापारी.

माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण नोकरी होती. केले होल्ड.

थोड्या वेळानं सुमनबाई खिडकीशी आल्या. रांगेत पहिली बंडी त्यांचीच. "काहून थांबवलं वो मॅडम? कालपासून बंडीखाली झोपून राह्यली मी. आज कापूस गेला नाई, तं त्या शेठलेच द्या लागते."

मेश्राम मॅडम कीबोर्डकडे वळल्या. पाठवणाऱ्याचं नाव बदलायचीही एक कमांड होती. त्यांनी सुमनबाईंचा पास नव्यानं पाठवला, साहेबांच्या नावानं, शंभरनं. आधी साहेबांच्या नावाचं पान आलं, मागून पास. किसनभाऊंनी नाव पाहिलं आणि विचारत न बसता फाटक उघडलं!

काटा झाला. सुमनबाई ते पान घेऊन तडक साहेबांच्या केबिनमध्ये घुसल्या. आत नागपूरचे मोठे साहेब तपासणीला आलेले, चहा चाललेला. मॅडम आणि मी धावत दारापर्यंत गेलो, तोवर उशीर झाला होता.

"साहेब, शेठचे ट्रक बाजूले सारून तुमी माही बंडी घेतली! लई उपकार झाले!"

मोठ्या साहेबांनी कप खाली ठेवला. "कुठल्या शेठचे ट्रक?"

"छे छे, ट्रक कसले!" आमचे साहेब घाईघाईनं म्हणाले. "आम्ही शेतकऱ्यांनाच आधी घेतो."

"मंग मागच्या बंड्यायचेबी पास काढा ना," सुमनबाईंनी पान पुढे केलं, "असेच, तुमच्या नावानं!"

"काढा," मोठे साहेब म्हणाले.

साहेबांनी रुमालानं मान पुसली आणि दाराकडे पाहिलं.

मेश्राम मॅडमनी अगदी अदबीनं विचारलं, "शंभरनंच ना, साहेब?"