बाळकडूत काय होतं

माझा मुलगा चाकणच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर मेला. लागोपाठ दुसऱ्या शिफ्टला उभा होता. आधी हात गेला, मग दवाखान्याच्या वाटेवर जीव.

कारखान्याच्या शेडमध्ये शोकसभा झाली. मला पुढं खुर्ची दिली. मोठे साहेब माईकवर म्हणाले, "कष्टाचं बाळकडू त्याला या माउलीकडून मिळालं. जादा शिफ्टला थांब म्हटलं की थांबायचा. कष्ट त्याच्या रक्तातच होते." मग माझ्या नातीकडं बघून म्हणाले, "मुलगीही बापावर गेलीय. तिला आम्ही त्याच्या जागी घेऊ."

लोकांनी माना हलवल्या.

दिघीला खोलीवर आल्यावर नातीनं विचारलं, "आज्जे, बाळकडू म्हंजे काय गं?"

मी चौथी शिकलेली, पण हा शब्द मला शाळेनं शिकवला नाही. तान्ह्याला जंत होऊ नयेत म्हणून किराईत, वावडिंग असलं कडू सहाणेवर उगाळून पाजतात. बाळाला पाजायचं कडू, ते बाळकडू. पोराला पायांवर आडवं घ्यायचं, गाल दाबायचे, बोंडल्यानं घशात ओतायचं. माझा निम्मं थुंकायचा. काळानिळा होईस्तोवर ओरडायचा.

"मग सायेब म्हनले ते?"

"त्यात कष्टबिष्ट नव्हते. पोट साफ व्हायचं, तेवढाच त्याचा गुण. तुझ्या बापाला जन्मतः येत होतं ते नको म्हणणं. व्हय म्हणायला कंत्राटदारानं शिकवलं. एकदा ओव्हरटाइमला न्हाई म्हणाला, तर आठवडाभर गेटाच्या आत घेतला न्हाई. त्यानंतर कधी न्हाई म्हणाला न्हाई. तू जाऊ नको तिथं."

"सायबाम्होरं तोंडाला कुलूप, आन माझ्याम्होरं भाषण! खायाचं काय मग? तुझ्या गुडघ्यांनी काम हुतंय व्हय?"

तिची आई कधीच गेली. घरात आम्ही दोघीच.

सोमवारी तिला डबा करून दिला. म्हटलं, "थांब म्हणाले तर न्हाई म्हण."

"व्हय गं, व्हय."

दुपारी पहिल्या शिफ्टची बस नाक्यावर आली. बायका एकेक करून उतरल्या. बस रिकामी झाली, वळली आणि निघून गेली. आमची उतरली नव्हती.