शेवटचा आकडा

प्रतापनगरातला तो मेकॅनिक! माझ्या जुन्या गाडीच्या इंजिनचा दिवा पेटला, की स्कॅनर जोडून माझ्याच हाती द्यायचा आणि ऐटीत म्हणायचा, "वाचा जी साहेब!" मी कोड वाचायचो, तो बिघाड सांगायचा.

एकदा मला खोडी सुचली. कोड होता तीनशे एक. शेवटचा आकडा सिलिंडरचा, हे त्याच्याकडूनच ऐकलेलं; म्हणजे पहिला सिलिंडर बिघडलेला. मी खणखणीत आवाजात वाचलं, "तीनशे चार!"

त्यानं चौथा सिलिंडर चाचपला, कान लावला. "हा तर बरोबर चालून राहिला. काहून मजाक करता जी?"

मी हसलो.

"मले आकडे दिसत नाहीत आता," तो हळूच म्हणाला. "कोणाले सांगू नका, गिऱ्हाईक तुटतील. खरा वाचा."

मी वाचला. त्यानं पहिल्यांदाच मला तो दोनदा वाचायला लावला.