धक्का देणारी गाडी आणि रखमाजी

रखमाजी मूळचा केदारखेड्याचा. जुन्या जालन्यात आमचं धान्याचं आडत दुकान होतं, त्याच्या ट्रकवर तो ड्रायव्हर होता. गाडी काढण्याआधी तो पितळी पेला पाण्याने काठोकाठ भरून काचेजवळच्या फळीवर ठेवायचा. रस्त्यातल्या खड्ड्यांनी सांडेल ते सांडेल, त्याचं त्याला काही नसे. पण गिअर बदलताना थेंब उडाला तर स्वतःवरच चिडायचा. क्लच सोडण्यात त्याचा डावा पाय इतका हलका होता की गिअर कधी पडला ते शेजारी बसणाऱ्याला कळत नसे.

म्हणून बाळंतपणाला माहेरी निघालेल्या लेकी-सुना त्याच्याच गाडीची वाट पाहत. गावोगावच्या सासवा दुकानी निरोप पाठवत, रखमाजी येणार असला तरच सूनबाईला धाडतो. त्याला या गोष्टीचा फार अभिमान होता. साळूबाई, त्याची बायको, म्हणायची की घरात हा माणूस भांडी आदळतो आणि गाडीत मात्र लोणी होतो.

सत्तावन्न साली आमच्या यांनी हैदराबादच्या लिलावातून एक जुना अमेरिकन ट्रक आणला. कुठल्याशा परदेशी कंपनीचं बांधकाम संपलं होतं, तिचा तो. त्याला क्लचच नव्हता. गिअर आपोआप पडायचे. गाडी बघायला अर्धी गल्ली लोटली. रखमाजी पहिले काही दिवस रिकाम्या जागी डावा पाय दाबत राहिला, मग पाय आखडून बसायला शिकला.

गाडी उत्तम होती, पण वेग घेताना एक गिअर सुटून दुसरा लागला की कमरेत धक्का बसे. पेल्यातलं पाणी रखमाजीच्या धोतरावर. चतुराबाई आमच्या दुकानात धान्य निवडायची, जिभेची मोठी तिखट. शहागडला तिची बहीण होती, तिकडे जाताना ती मागे पोत्यांवर बसे. पहिल्याच खेपेला उतरल्यावर तिने सगळ्यांसमोर विचारलं, "रखमाजी, हात म्हातारा झाला का रे तुझा?"

पुढे दोन ठिकाणचे निरोप आले की सुनेला बैलगाडीनेच धाडतो. त्यानंतर पेला फळीवर दिसेना.

मग एक दिवस धक्का गेला. रखमाजीने गाडीखाली शिरून शोधून काढलं होतं की अॅक्सिलरेटरपासून एक सळई गिअरच्या पेटीत जाते आणि तिच्या टोकाला फिरवायचा नट आहे. तो थोडा थोडा फिरवत गेला आणि गाडी रेशमासारखी चालू लागली. पेला परत आला. चतुराबाईनेही मान डोलावली. यांनी त्याला नवं धोतर दिलं.

त्या दिवाळीआधी माझी नणंद विमल सातव्या महिन्यात होती. तिला शहागडहून आणायला मी रखमाजीबरोबर गेले. परतताना आम्ही दोघी पुढे बसलो, मागे ज्वारीची पोती आणि पोत्यांवर चतुराबाई. गोदावरीच्या काठावरून रस्ता वर चढतो. अर्ध्या चढावर इंजिन किंचाळू लागलं आणि गाडी जागची हलेना. मग ती मागे सरकू लागली. विमलने माझा हात घट्ट धरला. रखमाजीने ब्रेक दाबून धरला, हाताचा ब्रेक ओढला, खाली उतरून चाकांमागे दगड लावले. जळकट वास येत होता. त्याने गिअरच्या पेटीतलं तेल मोजायची पट्टी काढून हुंगली.

मी विचारलं काय झालं. त्याने आधी चतुराबाई कुठे बसली आहे ते पाहिलं, पण आवाज काही कमी केला नाही.

"वैनीसाब, चूक माझी हाय. क्लच घासलेली गाडी बी अशीच लोण्यावानी चालते, अन् एक दिवस चढावर उभी ऱ्हाते. हे मला ठावं होतं. इथं क्लच दिसत न्हाई म्हनून इसरलो. धक्का म्हंजे गिअर घट्ट धरून राह्यला. म्या त्याची पकड ढिली केली, त्यो आतल्या आत घसरून जळून राह्यला."

तो गाडीखाली शिरला आणि नट पूर्वीच्या जागी आणून ठेवला. वर येऊन हात पुसत विमलला म्हणाला, "ताई, आता धक्का बसल. पर गाडी घरी पोचल. तुमी म्हनसान तर इथंच थांबू, दुसरी गाडी बघू."

विमल घाबरली होती, पण म्हणाली, "धक्का कधी बसेल ते आधी सांगा. मी सावरून बसते."

चतुराबाई वरून काहीतरी बोलेल असं मला वाटलं. ती मुकाट उतरली, पोत्यांवरच्या दोन घोंगड्या विमलच्या पाठीशी घातल्या आणि परत चढून बसली.

तेल जळलं होतं तरी पेटी अजून शाबूत होती. गाडी चढ चढली. अंबडपर्यंत रखमाजी इंजिनाचा आवाज ऐकत होता. गिअर बदलणार असं वाटलं की अॅक्सिलरेटरवरचा पाय थोडा उचलायचा आणि म्हणायचा, "धरा." विमल फळीला धरायची. पाय उचलल्याने धक्का कमी व्हायचा, पुरता जात नसे. जालना येईतो मागून चतुराबाईही त्याच्याबरोबर "धरा" म्हणू लागली होती.

विमलचं बाळंतपण सुखरूप झालं. यांना रखमाजीने स्वतःच सगळं सांगितलं, आणि नव्या धोतराची घडी दुकानाच्या गादीवर ठेवली. यांनी ती परत त्याच्याच हातात दिली आणि नवं तेल आणायला पाठवलं.

पुढे लेकी-सुनांचे निरोप पुन्हा येऊ लागले. धक्का सांगून देणारा ड्रायव्हर पाठवा, असे. साठ साली ती गाडी विकेपर्यंत रखमाजीने त्या नटाला हात लावला नाही. त्याला धक्का आवडू लागला असं मात्र नाही. गाडी काढताना पेला फळीवर असायचाच, फक्त आता तो अर्धाच भरायचा.