प्रयागबाईची पिकलेली गोधडी

इतवारीच्या मागच्या गल्लीत प्रयागबाईचं नाव निघालं की बायकांना आधी तिची गोधडी आठवायची आणि मग तिची सासू. गोधडीबद्दल दुमत नव्हतं. सासूबद्दलही नव्हतं म्हणा. तुळसाबाई म्हणजे नाकावर माशी बसू न देणारी बाई. तीस वर्षांत सुनेनं शे-दीडशे गोधड्या शिवल्या असतील, प्रत्येक नवी गोधडी अंगावर पडली की म्हातारीचं एकच, "बोचते वं."

तरी प्रयागबाई गोधडी आधी सासूलाच द्यायची. तिचं शास्त्रच तसं. कोरी गोधडी म्हणजे कच्चा आंबा. दोन-चार महिने कुणी पांघरली, रिठ्याच्या पाण्यातून निघाली, की दोरा बसतो, लुगड्यांचे थर एकजीव होतात. तेव्हा कुठं ती पिकते. आणि सासूचं अंग असं हाडकुळं, की आत राहिलेली एवढीशी गाठही तिला सापडायची. मग प्रयागबाई मुकाट्यानं तेवढे टाके उसवून पुन्हा घालायची.

चौऱ्याहत्तर साली भाद्रपदात प्रदर्शनवाल्या इंदूबाई गल्लीत आल्या. दिल्लीला हस्तकलेचं मोठं प्रदर्शन होणार होतं. गोधडी भिंतीवर लावणार आणि खाली करणारीचं नाव लिहिणार. "पौषात न्यायला येते," म्हणाल्या. जन्मभर अंथरायला-पांघरायला शिवणाऱ्या बाईची गोधडी म्हणे भिंतीवर! त्या दिवशी प्रयागबाईची भाजी करपली.

तिचा नवरा रुपराव कापडाच्या दुकानात गाठोडी वाहायचा. त्यानं मालकाकडून रंगीत तुकडे मागून आणले. प्रयागबाईनं मधोमध डाळिंबी चौक मांडला, भोवती पिवळ्या-हिरव्या ठिगळांच्या फेऱ्या घेतल्या आणि काठापासून आत असा बारीक धावदोरा घातला, की टाका बोटानं शोधावा लागे. दीड महिन्यात गोधडी झाली. आता कुणीही शहाणं माणूस ती कागदात गुंडाळून पेटीत ठेवेल की नाही? हिनं पिकायला म्हणून सासूच्या अंगावर घातली.

"डोस्कं फिरलं काय वं तुह्यं?" रुपराव चिडला. "दिल्लीले नवी चीज लागते."

"कच्ची पाठवू काय जी? कोणी हात लावून पाह्यलं तं नावं ठेवन."

पौषात थंडी मी म्हणत होती. तुळसाबाईनं अंथरूण धरलं होतं. इंदूबाई जीप घेऊन आल्या आणि गोधडीचा उतरलेला रंग पाहून त्यांचं तोंडही उतरलं. मग त्यांनी तिच्यावरून हात फिरवला. काठ उलटून टाका बोटानं शोधला. "असं काम कुठे मिळायचं?" त्या म्हणाल्या. "द्या. हीच नेते."

प्रयागबाई सासूजवळ वाकली. "आत्याबाई, सोडा. तुमच्यावर दुसरी घालतो."

म्हातारीनं दोन्ही मुठींत काठ धरला. "काहून?"

"दिल्लीले जाऊन राहिली थे."

"मंग मी काय पांघरू? बाकीच्या बोचतात मले."

प्रयागबाई अंथरुणाच्या कडेला टेकली. तीस वर्षं जे ऐकायला जीव आसुसला होता ते आज आलं, तेही असं आडवळणानं, आणि नेमकं जीप दारात उभी असताना. मुठी सोडवणं अवघड नव्हतं. काटक्यांसारखी बोटं ती. रुपराव खुणावत होता. इंदूबाई घड्याळ बघत होत्या.

"नाही जमत, मॅडम," प्रयागबाई उठून म्हणाली. "माहं माणूस पांघरून राहिलं."

जीप रिकामी गेली. गल्लीनं तिला येड्यात काढलं, रुपराव दोन दिवस बोलला नाही. तिलाही फार लागलं. चुलीपुढे बसून रडली, खोटं कशाला सांगू.

माघात तुळसाबाई गेली. गेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण देऊन टाकायची रीत. गाठोडं बांधताना रुपराव हळूच म्हणाला, "एवढी तरी ठेव वं. पुढच्या साली पाठवू दिल्लीले."

प्रयागबाईनं गोधडीची नीट घडी घातली, वरून एकदा हात फिरवला आणि गाठोड्यात ठेवली.

"त्यायची आहे थे," ती म्हणाली. "जाऊ द्या जी."