किल्लेदाराची टेहळणी

त्याला सगळे किल्लेदार म्हणायचे, अर्थात पाठीमागे. तोंडावर ‘सर’. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्तापासून गाठीच्या तुकड्यापर्यंत जे जे तपासलं जाई, त्याचे रिपोर्ट ज्या डेटाबेसमध्ये साठत, त्याचा हा अ‍ॅडमिन. कोणाला आत सोडायचं आणि कोणाला किती दाखवायचं, हे तो ठरवायचा. हुद्दा तसा बेताचाच, पण काही माणसांच्या हाती नुसती फाटकाची कडी दिली तरी त्यांना बंगला आपला वाटू लागतो.

जगाबद्दल त्याचं मत एकच होतं आणि ते सरसकट सगळ्यांना लागू होतं: अक्कल नाही. डॉक्टर पासवर्ड विसरतात म्हणून त्यांना अक्कल नाही, नर्स प्रश्न विचारतात म्हणून त्यांना नाही, आणि जे काहीच विचारत नाहीत त्यांना तर नाहीच नाही. कोणी अडचण घेऊन आलं की हा चष्मा कपाळावर चढवून विचारायचा, “आज काय दिवे लावलेत?” मग समोरचा सांगत असताना त्याच्याकडे न बघता चहा ढवळत बसायचा. चहा तो बिनसाखरेचा प्यायचा. ढवळायचा काय, ते त्यालाच ठाऊक.

घरीही तीच तऱ्हा. टीव्हीला पासवर्ड, गीझरच्या बटणावर खोकं आणि खोक्याला कुलूप. बायकोने त्याच्याशी वाद घालणं केव्हाच सोडून दिलं होतं. तिला आपलं म्हणणं पटलं, असा त्याचा समज होता.

तर या सद्गृहस्थाला एकदा सर्व्हरच्या नोंदी चाळताना दिसलं, की कोणीतरी सारखं डेटाबेसमध्ये शिरतंय. दर दोन-चार सेकंदांनी आत येतं, कोण कोण काम करतंय ते बघतं आणि निघून जातं. कुठून, तर नोंदणीच्या खिडकीवरच्या बाईंच्या कंप्युटरवरून, त्यांच्याच नावाने. किल्लेदाराला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. याच बाईंनी पूर्वी एकदा भर मीटिंगमध्ये, सर्व्हर कधीच बंद पडत नाही असं तो छातीठोकपणे सांगत असताना, “परवाच पडला होता की,” म्हणून सगळ्यांना हसवलं होतं. चांगल्या गोष्टी त्याच्या लक्षात राहत नसत; ही राहिली होती.

त्याने प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरबाईंकडे तक्रार नेली. नोंदणीच्या बाई रुग्णांची माहिती चोरून बघतात, बाहेर विकतही असतील. हे विकण्याचं त्याने पदरचं घातलं होतं. डॉक्टरबाईंनी चौकशी लावली आणि निकाल लागेपर्यंत बाईंची रवानगी तळघरातल्या जुन्या फायलींच्या खोलीत केली, टेबल आणि कंप्युटरसकट. चोरी ठरली तर नोकरी जाणार होती. वर्षानुवर्षं बाईंच्या डब्यातलं खाणाऱ्या मंडळींनी शेपूट घातली. जिना उतरणाऱ्या बाईंकडे बघायला नको म्हणून सगळ्यांना एकाच वेळी कामं सुचली.

चौकशीचा निकाल देण्याच्या दिवशी सकाळीच किल्लेदाराने आपल्यापुरता निकाल लावायचं ठरवलं. बॅकअप घ्यायचं काम बाईंकडे असल्याने त्या अ‍ॅडमिनच्या गटात होत्या. त्यांना गटातून काढायला तो बसला आणि तिरीमिरीत त्याने गटच उडवला. त्याच गटात तो स्वतः होता. वेगळं असं एक मूळ खातं असतं, अडीनडीला उपयोगी पडणारं. ते त्याने, कोणाच्या हाती लागू नये म्हणून, आधीच बंद करून ठेवलं होतं. बसल्या फांदीवर कुऱ्हाड घालणारी माणसं पुष्कळ असतात. ह्याने खालची शिडीही स्वतःच काढून ठेवलेली होती.

थोड्या वेळाने त्याला आपल्याच डेटाबेसने हुसकून लावलं. त्याने पासवर्ड पुन्हा टाकला, मग सावकाश टाकला, मग कीबोर्ड झटकून टाकला. आता त्याची इभ्रत पणाला लागली होती. किल्लेदार किल्ल्याबाहेर राहिला, हे कोणाला कळता कामा नये.

यावर एक उपाय असतो आणि तो त्याला येत होता. डेटाबेस बंद करून एकाच माणसाला आत घेईल अशा रीतीने पुन्हा सुरू करायचा. त्या वेळी सर्व्हरच्या मशीनचा ताबा ज्याच्याकडे असेल त्याला तो अ‍ॅडमिन म्हणून आत घेतो, मग नवं खातं उघडायचं की झालं. अट एवढीच, की जागा एक असते आणि जो पहिला शिरेल त्याची. देखभालीचं निमित्त सांगून किल्लेदाराने सगळ्यांना कामं थांबवायला लावली. रिपोर्टसाठी आलेली माणसं बाकांवर ताटकळत बसली. त्याने डेटाबेस सुरू केला, आत जायला गेला, तर जागा भरलेली. पुन्हा बंद, पुन्हा सुरू, पुन्हा भरलेली.

सर्व्हरची नेटवर्कची वायर उपसली असती तरी भागलं असतं. पण मग चोर कसा सापडणार? त्याने कोण शिरतंय ते शोधलं आणि मांडीवर थाप मारली. तळघरातला तोच कंप्युटर, बाईंच्या नोंदणीच्या साध्या खात्यावरून. आपण काय करून बसलोय ते विसरून तो धावतच डॉक्टरबाईंकडे गेला आणि म्हणाला, “चला, रंगेहाथ दाखवतो.”

तळघरात बाई हात बांधून बसल्या होत्या. सगळ्यांना सांगितलं तसं त्यांनीही काम थांबवलेलं होतं. किल्लेदाराने त्यांना बोटाने उठवलं आणि स्वतः खुर्चीत बसला. आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामची यादी त्याने उघडली, चोरटा प्रोग्राम हुडकला आणि डॉक्टरबाईंना नीट दिसावा म्हणून मोठा केला. मग त्याचा हात थांबला. त्याने तो घाईघाईने मिटला.

“पुन्हा उघडा,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “आणि वाचा.”

वाचण्यासारखं फार नव्हतं. बनवणाऱ्याचं नाव त्याचंच. बनवल्याची तारीख त्या मीटिंगच्या दिवशीची. उद्देशाच्या रकान्यात त्यानेच लिहिलेलं होतं: ‘बावळटांवर लक्ष’. हसं झालं त्या संध्याकाळी, सगळे गेल्यावर, त्याने तो या कंप्युटरवर बसवला होता. बाईंच्या नावाने, म्हणजे आपल्यावर संशय नको. पुढे टेहळणीचे अहवाल वाचायचा त्याला कंटाळा आला, आणि प्रोग्राम बसवल्याचंही तो विसरून गेला. प्रोग्राम इमानी निघाला. काखेत कळसा म्हणतात, ह्याने तर कळशाच्या चोरीबद्दल दुसऱ्याची नोकरी घालवायला काढली होती.

तो काहीतरी पुटपुटला, सुरक्षेचा भाग होता वगैरे. डॉक्टरबाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

बाई आवाज न चढवता बोलल्या. “माझ्या जावयाने मला विचारलं, आई, तुम्ही खरंच माहिती विकता का? लेकीसमोर विचारलं. ती मान खाली घालून बसली होती. चोर ठरले त्यापेक्षा ते जास्त लागलं.”

मग बाई वाकल्या, कंप्युटरच्या मागची वायर ओढून काढली आणि त्याच्यासमोर टेबलावर ठेवली.

“जा आता वर,” त्या म्हणाल्या. “तुमच्याआधी आत शिरणारं कोणी राहिलं नाही.”

वर जाऊन त्याने डेटाबेस उघडला. या वेळी जागा रिकामी होती. डॉक्टरबाई मागे उभ्या होत्या. त्यांनी सांगितलं की यापुढे अ‍ॅडमिनची खाती दोन राहतील, आणि पहिलं खातं बाईंचं उघडायचं. इतक्या वर्षांत त्या नावापुढे त्याने फक्त ‘अक्कल नाही’ एवढंच जोडलं होतं. आज त्याने ते नाव अक्षर न अक्षर टाइप केलं आणि सगळे अधिकार दिले. त्याच्या स्वतःच्या खात्याचं काय करायचं, ते डॉक्टरबाई उद्या ठरवणार होत्या.

संध्याकाळी तो घरी आला आणि चहा ढवळत बसला. बायकोने विचारलं, आज एवढा उशीर का. तो म्हणाला, काही नाही, कोणा मूर्खाने एक जुना प्रोग्राम चालू ठेवला होता, त्यामुळे सगळं अडकलं.

“मग सापडला का तो मूर्ख?” तिने भांडी पुसता पुसता विचारलं.

“सापडला,” तो म्हणाला, आणि चहा तसाच ठेवून गीझरचं कुलूप ओढून बघायला गेला.