पदराखालची निवड

रविवार, सकाळी अकरा. बऱ्हाणपूरच्या लालबागेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात हजर: आमच्या भजनी मंडळाच्या प्रमिलाताई, इंदूरहून आलेला त्यांचा मुलगा शेखर, दुकानदार सलीमभाई आणि मंडळाची कामं सांभाळणारी मी. काम: गाणी ऐकायचा छोटा प्लेअर घेणे.

काचबिंदूमुळे ताईंची नजर झपाट्याने उतरत होती. "आता एकटी कशी राहशील? इंदूरला चल," असा शेखरचा धोशा. ताईंना बऱ्हाणपूर सोडायचं नव्हतं. "आपलं गाणं आपल्याला लावता आलं, की माणूस पुष्कळ दिवस एकटं राहतं," असं त्यांचं म्हणणं.

मेमरी, बॅटरी, कार्ड, फाइलींचे प्रकार, सगळं मी लिहून नेलं होतं. ताई म्हणाल्या, "सगळं बरोबर आहे गं. फक्त त्यात मी कुठे नाहीये." मग त्यांनी डोळे मिटले आणि प्लेअर पदराखाली घेऊन चाचपू लागल्या.

सलीमभाई कळवळले. "काकी, आँखें तो खोलो! स्क्रीन देखो, कितनी बढ़िया है!"

"देखना ही होता तो टीवी लेती ना, भैया!"

गुळगुळीत पडद्याचे दोन प्लेअर पदराखालीच बाद झाले. शेखर वैतागला. "आई, मोबाइल आहे ना! मी लावून देत जाईन."

"तू लावशील तेव्हा मी ऐकायचं? मग ते तुझं ऐकणं झालं, बाळा."

बटणांचे दोन उरले. आवाज पारखायला ताईंनी आमच्याच मंडळाचं भजन लावायला सांगितलं. ते मी कार्डात भरून नेलं होतं. मंडळात शिकवतानाही त्यांची हीच रीत होती. "पुढची रांग तर ऐकू येणारच. मागची काय म्हणते ते ऐका."

पहिल्यावर ढोलकी अशी दणदणली की शेखर खूश, मीही खूश. ताईंनी इयरफोन काढला. "ढोलकीनं मागची रांग खाऊन टाकली." दुसऱ्याचा आवाज मला किरकोळच वाटला, पण ताई हसायला लागल्या. "ही मागच्या रांगेतली आपली जैनाबादची शकू! कडवं संपायच्या आत दम टाकते, बघ." मी कान दिला. टाळांच्या मागे शकूचा श्वास खरोखरच होता. तोच प्लेअर घेतला.

दिवाळीनंतर ताईंना अक्षर दिसेनासं झालं. एका संध्याकाळी मी गेले तर घरात अंधार, आणि ताई कानात भजन घालून मेथी निवडत बसलेल्या. शेखर माझ्यामागेच होता, नुकताच बसमधून उतरलेला, हातात बॅग. दिव्याचं बटण शोधताना मी स्टुलावर आदळले.

"दिसत नाही का गं तुला?" ताई म्हणाल्या, आणि अंगठ्याने गाणं थांबवलं.

त्या खेपेला शेखरने इंदूरचं नाव काढलं नाही. निघताना दारात मला एवढंच म्हणाला, "मावशी, आईला मोठ्या बटणांचा फोन हवा. मी तिकडून पाठवतो."

"पाठवू नकोस," आतून आवाज आला. "दुकानात मी जाणार!"

सलीमभाईंना सांगून ठेवलंय. ते दर आठवड्याला विचारतात. पण ताईंच्या तालमी संपत नाहीत, त्यांना सवड नाही. फोन घेणे: बाकी.