निर्दोष ठरलेली ताई

माझ्या ताईचं तारण एका मंगळवारी दुपारी सव्वाचारला झालं. हे मी नाही सांगत, तीच सांगते, आणि गेली अडतीस वर्षं सांगते आहे. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, चर्चच्या प्रार्थनेच्या खोलीत पुढून तिसऱ्या बाकावर बसली होती, येशूने आपल्याला पापातून सोडवलं हे तिला तिथेच कळलं, आणि समोर भिंतीवर घड्याळ होतं, म्हणून वेळसुद्धा ठाऊक. मी तिच्याहून सहा वर्षांनी लहान. मी तिला चिडवायची, अगं, हे तारण आहे की गाडी सुटायची वेळ? ती चिडायची नाही. आमच्या घरातला सगळा राग देवाने माझ्या पदरात टाकला आणि सगळी खात्री तिच्या. आम्ही दोघींनी लग्न केलं नाही. इस्पितळाच्या आवारात तिला मिळालेल्या दोन खोल्यांत आम्ही राहतो.

ताईचं काम इस्पितळाच्या तळघरात. ऑपरेशनची हत्यारं तिथे धुतात, कापडात बांधतात आणि वाफेच्या मोठ्या मशीनमध्ये घालून निर्जंतुक करतात. खोलीला खिडकी नाही, भिंती कायम ओल्या, आणि मशीन सुरू झालं की कानात घोंघावत राहतं. मी एकदा डबा द्यायला गेले होते, पाच मिनिटांत जीव गुदमरला. ताई तिथे एकतीस वर्षं उभी आहे. तिचे हात उकडलेल्या बटाट्यासारखे झालेत, सालं सुटलेले.

प्रत्येक गाठोड्याला एक टेप लावतात. वाफेत गेलं की टेपवरच्या पांढऱ्या रेघा काळ्या होतात. काळ्या रेघा बघितल्या की वरचे लोक म्हणतात, झालं, आणा. ताई म्हणायची, टेपला काय कळतंय? गाठोडं वाफेत जाऊन आलं, एवढंच टेप सांगतो. आतलं मेलं की नाही, ते कुपी सांगते. ही कुपी म्हणजे बोटाएवढी नळी, आत जांभळं पाणी आणि मुद्दाम घातलेले चिवट जंतू. हत्यारांबरोबर तीही मशीनमध्ये जाते आणि मग एक दिवस उबेत ठेवतात. जांभळी राहिली तर सगळं ठीक. पिवळी पडली, तर आत काहीतरी जिवंत राहिलं. आणि नियम असा, की हाडात कायमची बसवायची प्लेट किंवा स्क्रू असेल, तर कुपीचा निकाल लागेपर्यंत गाठोडं तळघरातून हलवायचं नाही. ताईने हा नियम एकतीस वर्षं पाळला. फक्त एकदा मोडला.

आमच्या चर्चच्या मंडळीत एक शिंपीण आहे. ताईच्याच वयाची, पायाने मशीन चालवायची आणि तोंडाने जग. नवरा नाही, मूल नाही, मशीन आहे, असं हसत सांगायची. एका बुधवारी सकाळी गिऱ्हाइकाकडे पडदे लावताना ती शिडीवरून पडली आणि नडगीचं हाड मोडलं. हाडाचे डॉक्टर दुसऱ्या दिवशी आठवड्याच्या रजेवर निघायचे होते, म्हणून ऑपरेशन त्याच दिवशी करायचं ठरलं. ताईने प्लेटचं गाठोडं स्वतः बांधलं. त्या फेरीत मशीनमध्ये दुसरं काही घातलं नाही, इतकी घाई. गाठोडं बाहेर आलं, टेप काळा झालेला, आणि डॉक्टर स्वतः तळघरात उतरले. ताईने सांगितलं, कुपीचा निकाल उद्या येईल. त्यावर ते म्हणाले, तुमच्या हातचं असल्यावर कुपी कशाला हवी हो? तुमच्यावर आमचा डोळे मिटून विश्वास आहे.

झालं. एकतीस वर्षांत तळघरात उतरून कोणी कौतुक केलं नव्हतं, आणि माझी शहाणी बहीण त्या एका वाक्याला भुलली. गाठोडं वर गेलं.

दुसऱ्या दिवशी कुपी पिवळी पडली.

ती पिवळी कुपी ताईने एकटीने बघितली. वहीत लिहिलं, जांभळी, आणि खाली सही केली.  मेकॅनिकला बोलावून वाफ गळते म्हणून सांगितलं. दाराचं रबर झिजलेलं निघालं, त्याने नवीन बसवलं. मशीन सुधारलं, आणि त्यातच तिने ती कुपी घालून आतले जंतू मारून टाकले. हे सगळं मला खूप नंतर कळलं.

तेव्हा मला एवढंच दिसत होतं, की घरात काहीतरी बिनसलंय. ताई धुतलेले कप पुन्हा धुवायची. उपासनेत गाण्याच्या वेळी तिचे ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. आणि उठता बसता विचारायची, शिंपिणीला ताप नाही ना गं? पाय दुखतो म्हणाली का? एका रविवारी तिने मला तीनदा विचारलं. मी वैतागून म्हटलं, तुला तिच्या पायाचं एवढं काय पडलंय? ती उठून पुन्हा कप धुवायला गेली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, ते माझ्या डोळ्यांसमोर पडलं होतं आणि मला दिसलं नाही.

बाराव्या दिवशी शिंपिणीचे टाके ओले झाले. तापाने फणफणून ती पुन्हा वॉर्डात आली.

त्याच आठवड्यात चर्चच्या पाळकसाहेबांनी बुधवारच्या बायबल अभ्यासाला देवापुढे नीतिमान ठरण्याचा विषय घेतला होता. ते कोर्टाचं उदाहरण देत होते. आरोपी खरोखरच दोषी आहे, पण त्याची शिक्षा दुसऱ्याने भोगली, म्हणून न्यायाधीश त्याला निर्दोष ठरवतो. ठरणं एका क्षणात होतं, चांगलं होणं मात्र जन्मभर चालू राहतं, आणि या दोन गोष्टींची गल्लत करू नका, असं ते समजावत होते. मला जांभया येत होत्या. तेवढ्यात ताईने हात वर केला. अभ्यासात तिने कधी प्रश्न विचारला नव्हता, तिला सगळं आधीच पटलेलं असायचं.

“एकदा निर्दोष ठरवल्यावर तोच खटला पुन्हा उभा राहतो का?”

पाळकसाहेब खुश झाले. म्हणाले, कधीच नाही. ताईने श्वास सोडला. मी शेजारीच बसले होते, तो श्वास मला ऐकू आला.

तीन दिवसांनी, दुपारी बटाटे सोलताना, तिने मला सगळं सांगितलं. हळू आवाजात, चाकू न थांबवता.  मी विचारलं, डॉक्टरांना सांगितलंस? नाही म्हणाली. शिंपिणीला? नाही. मग कोणाला सांगितलंस?

“प्रभूला सांगितलं. त्याच दिवशी, गुडघ्यावर बसून. त्याने माफ केलं, मला आतून कळलं. आता पुन्हा माणसांसमोर कशाला उभी राहू? ते त्याच्या क्षमेवर अविश्वास दाखवल्यासारखं होईल.”

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, “तुला माफ केलं, ते त्या पायाला कोण सांगणार? तो सडतोय तो सडतोयच ना?”

ती रडली. मी तिला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगितलं, की डॉक्टरांना काही ठाऊक नाही, ते वरवरची औषधं देत बसलेत, आत प्लेटच खराब आहे हे कळलं तर ते ती काढतील आणि पाय वाचेल. तू सांग, नाहीतर मी सांगते.

आणि मग मीही सांगितलं नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण खोटं कशाला बोलू. तिच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. नोकरी गेली तर या दोन खोल्या जाणार, आणि माझ्या शिकवण्यांवर दोघींचं भागणार नव्हतं. मी रोज सकाळी ठरवायची, आज बोलते, आणि रोज संध्याकाळी म्हणायची, उद्या बघू. मी रागीट आहे, शूर नाही. असे तीन दिवस गेले. त्या तीन दिवसांत शिंपिणीची नडगी काळपट पडली आणि वॉर्डातली नर्स खाट खिडकीजवळ सरकवा म्हणाली, कारण वास यायला लागला होता.

चौथ्या दिवशी ताई आपण होऊन पाळकसाहेबांकडे गेली. मी सोबत होते. त्यांच्या बैठकीत पुस्तकांवर वाळत घातलेले मोजे होते, ते त्यांनी आधी उचलले. ताईने सगळं सांगितलं आणि विचारलं, माझं तारण गेलं का? मला वाटलं, आता हे गोड बोलून तिला घरी पाठवतील. पण त्यांनी हातातले मोजे खाली ठेवले.

मग म्हणाले, “तारण गेलेलं नाही. म्हणूनच तुला आता कसली भीती? ज्याचा निकाल वर लागलेला आहे, त्यालाच खाली खरं बोलणं परवडतं. तू मात्र त्या निकालाआड लपून बसलीस. ऊठ आणि आत्ताच्या आत्ता जा.”

ताई उठली. चप्पल घालताना तिचा पाय दोनदा चुकला.

डॉक्टर रजेवरून केव्हाच परतले होते. मला बाहेर थांबवलं, पण दार नीट लागत नव्हतं. ताईने कुपीचं सांगितलं, खोट्या सहीचं सांगितलं, रबराचं सांगितलं. डॉक्टरांनी वही मागवली. पान उघडून बघितलं असावं, कारण थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला, अगदी प्रेमळ. इथे तर जांभळी लिहिलंय. टेप मी स्वतः बघितला होता, काळा होता. तुम्ही दमला आहात, ती बाई तुमच्या मंडळीतली, म्हणून मनाला लावून घेताय. असे टाके चिघळतात कधीकधी. ताई म्हणाली, साहेब, ती सही खोटी आहे, मी केलीय, मला विचारा ना. ते म्हणाले, तुमची काही चूक नाही, कागद तसं सांगतोय, आता घरी जा.

का नाही म्हणणार? ताई दोषी ठरली असती, तर कुपी न बघता प्लेट बसवणाराही दोषी ठरला असता. आपलेच दात, आपलेच ओठ. तिला सोडवून माणूस स्वतः सुटला. ताई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. “त्यांनी मला निर्दोष ठरवलं गं,” ती म्हणाली आणि जिन्याच्या पायरीवरच बसली.

मग ती सरळ वॉर्डात गेली. शिंपीण जागी होती, डोळे तापाने लाल. ताईने तिला सगळं सांगितलं आणि म्हणाली, तू तक्रार लिही, माझ्याविरुद्ध लिही, तुझ्या सहीशिवाय तुला इथून कोणी हलवणार नाही, सही केलीस तर दुसऱ्या इस्पितळातले डॉक्टर पाय उघडून बघतील. शिंपीण ऐकत होती. मग तिने ताईचा हात धरला. म्हणाली, वेडे, मी तुला माफ केलं.

आणि तक्रारीवर सही करेना. माफ केल्यावर तक्रार कसली, तिचं एकच पालुपद. प्रभूने मला एवढं माफ केलं, मी तुझ्यावर बोट ठेवू? ताई खाटेपाशी गुडघ्यावर बसून तिला विनवत होती, नको करूस गं माफ, आधी सही कर, मग हवं तर माफ कर. आजूबाजूच्या खाटांवरचे लोक बघत होते. मी तक्रार लिहून आणली, कागद तिच्या उशाशी ठेवला, तिने तो उलटा करून ठेवला. मी तिच्यावरही ओरडले. पालथ्या घड्यावर पाणी.

यात आणखी दोन दिवस गेले. शेवटी पाळकसाहेब आले आणि तिला म्हणाले, सही म्हणजे सूड नाही, सही म्हणजे खरं. तिने केली. तासाभरात तिला दुसऱ्या इस्पितळात हलवलं, तिथल्या डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी पाय उघडला आणि प्लेट काढली. प्लेटखालचं हाड भुसभुशीत झालं होतं आणि विष वर चढत होतं. ते आम्हाला म्हणाले, पाच दिवस आधी आणलं असतं तर. वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. त्यातला एकेक दिवस कोणाचा, ते मला ठाऊक आहे. माझे तीन.

पाय गुडघ्याखालून कापला. शिंपीण वाचली.

आता चौकशी सुरू आहे. ताईने लेखी कबुली दिलीय, डॉक्टर वहीकडे बोट दाखवताहेत, आणि कोणाचं ऐकतील ते सांगता येत नाही. खोल्या रिकाम्या करायची नोटीस आलेली नाही. येईल म्हणून मी भांडी बांधायला घेतली आहेत. ताई तळघरात जात नाही. तारणाची वेळ सांगायचीही बंद झालीय.

पाय कापल्याच्या नवव्या दिवशी आम्ही दोघी शिंपिणीकडे गेलो. ताईला बघून ती खरोखर हसली, जवळ बसवलं, आपल्या बशीतली अर्धी बिस्किटं तिच्या हातावर ठेवली. बोलता बोलता ड्रेसिंगची वेळ झाली. नर्स दुसऱ्या खाटेपाशी अडकली होती. ताई उठली, बाह्या वर केल्या, बेसिनपाशी जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, साबण लावून, नखांखालून, दोनदा. एकतीस वर्षं धुते तसे. मग ओले हात समोर धरून ती खाटेपाशी येऊन उभी राहिली.

शिंपिणीने चादर गुडघ्यावर ओढून घेतली.

“माफ केलंय गं तुला,” ती म्हणाली. “देवाशपथ केलंय. पण ड्रेसिंग नर्सलाच करू दे.”